जांभूळ चमकतं, हापूस चमकत नाही: गिंपमध्ये चकचकीत आयकॉन करताना

पळसफूल | ७ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमच्याकडच्या एका बचत गटासाठी फळांच्या विक्रीची नोंद ठेवणारं छोटंसं ॲप तयार होतंय. त्यातले आयकॉन माझ्याकडे आलेत: जांभूळ, करवंद, हापूस, द्राक्ष आणि कोकम. गटातल्या बायकांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं की सपाट एकरंगी चित्रं नकोत, फळ उचलून तोंडात टाकावंसं वाटलं पाहिजे. म्हणून चकचकीत आयकॉन. तीन आठवडे गिंप २.१० (चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर) उघडून बसलेय. त्यातून जे कळलं ते लिहितेय, आणि शेवटी दोन अडचणी आहेत त्या विचारतेय.

पहिलं जांभूळ मी जुन्या ठरलेल्या रीतीने केलं. लंबगोल काढला, त्यात वरून खाली ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा) भरला, वरच्या अर्ध्या भागावर पांढरा अर्धपारदर्शक लंबगोल ठेवला. चकाकी आली. गटातल्या एका मावशींना फोनवर दाखवलं तर त्या म्हणाल्या, "बटण छान झालंय." त्यांनी मनापासून म्हटलं होतं आणि त्यांचं बरोबरच होतं. ते बटणच होतं, जांभूळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या ताटलीत चार जांभळं घेऊन खिडकीपाशी ठेवली आणि तासभर नुसती बघत बसले. त्या तासाने माझं काम बदललं. जांभळावरचा पांढरा डाग हा जांभळाचा रंग नाहीच, ती माझ्या घरची खिडकी आहे. नीट पाहिलं तर त्यात गजांच्या काळ्या बारीक रेघासुद्धा दिसतात. जांभूळ जागच्या जागी गोल फिरवलं तरी तो डाग हलत नाही. मी मान हलवली की मात्र सरकतो. खालच्या कडेला एक मंद जांभळट उजेड असतो, तो ताटलीवरून वर उसळलेला. आणि फळाचा सगळ्यांत गडद भाग अगदी कडेला नसून कडेच्या जरा आत असतो.

मग सगळं पुसून नव्याने केलं, ते असं:

१०२४ बाय १०२४ चा पारदर्शक कॅनव्हास. ५६० बाय ७६० चा लंबगोल, वीस अंश कलता. त्यात एकच सपाट रंग भरला: लाल ६२, हिरवा २२, निळा ७०. या लेयरची (चित्राच्या थराची) नक्कल केली, तिचा अल्फा लॉक करून (म्हणजे पारदर्शक भागात रंग जात नाही) तिच्यात खूप गडद रंग भरला (२८, ८, ३६). मग 'अल्फा टू सिलेक्शन' करून फळाचा आकार निवडला, सिलेक्शन ७० पिक्सेल आत ओढलं, १२० ने फेदर केलं (कड विरवली) आणि गडद लेयरला त्याच सिलेक्शनचा उलटा मास्क (लेयरचा काही भाग झाकणारा पडदा) दिला. मधला भाग उघडा राहतो, कडा काळवंडते आणि गोलाई येते. इथपर्यंत चकाकीचा पत्ता नाही, आणि तसंच हवं. चकाकी नसतानाही फळ गोल दिसत नसेल, तर चकाकी लावून ते गोल दिसत नाही. या पायरीला मी सगळ्यांत जास्त वेळ देते.

खालचा उसळलेला उजेड वेगळ्या लेयरवर घेतला. फिकट जांभळा चपटा लंबगोल, ४० चा गॉशियन ब्लर (धूसरपणा), खालचा रंग उजळवणारा 'स्क्रीन' मोड, ओपॅसिटी (लेयरचा दाटपणा) ३५ टक्के. बाहेर सांडलेला भाग फळाच्या सिलेक्शनने कापून टाकला.

आता खिडकी. पाथ टूलने चार कोनांचा आकार काढला, पण त्याच्या बाजू फळाच्या गोलाईबरोबर वळवल्या. पांढरा भरला, मास्कवर ग्रेडियंट देऊन खालची बाजू विरवली, आणि मध्ये सहा-सहा पिक्सेलच्या दोन फटी ठेवल्या, ते गज. दीडचा ब्लर, बस. तेवढ्याने जांभूळ ओलं दिसायला लागलं.

सावल्या दोन. टेकलेल्या जागी लहान आणि गडद, आणि तिच्याखाली पसरट, फिकी. दोन्ही काळ्या न भरता गडद जांभळ्या भरल्या. काळी सावली टाकली की फळ कागदावरून कापून चिकटवल्यासारखं वाटतं.

आता अडचणी:
१) गडद भागात ग्रेडियंटचे पट्टे दिसतात, विशेषतः मावशींच्या जुन्या फोनवर.
२) हापूस. याच रीतीने केला तर मेणाचा आंबा दिसतो. काय चुकतंय?

---

साधा_वाचक | ७ जून, रात्री १०:१५

फार छान लिहिलंय ताई. मी आत्ता स्वयंपाकघरातून जांभूळ आणून ट्यूबलाइटखाली धरून पाहिलं. आमच्याकडे पांढरी लांब पट्टी दिसते, खिडकी नाही!

---

रेघोटी | ८ जून, सकाळी ७:०५

पळसफूल, तुमचं वाचून माझ्या वडिलांची आठवण आली. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एनॅमलचं अक्षर वाळलं की अगदी शेवटी बारीक ब्रशने वरच्या-डाव्या कडेला पांढरी रेघ ओढायचे. पूर्ण पाटीवर एकाच बाजूला. मी लहानपणी एकदा एका अक्षराला उजवीकडे ओढली, तर त्यांनी ते अख्खं अक्षर पुसून पुन्हा काढलं. "सूर्य एकच असतो," म्हणाले. तुमच्या पाच फळांसाठी खिडकी एकाच बाजूला ठेवा. आयकॉन एका रांगेत दिसणार आहेत, एकाचा उजेड डावीकडून आणि दुसऱ्याचा उजवीकडून असला की रांग डोळ्याला टोचते.

आता हापूसबद्दल. चकाकीची कड किती धारदार, यावरून डोळा पृष्ठभाग ओळखतो. गुळगुळीत साल असेल तर प्रतिबिंब स्पष्ट, खिडकीच्या कोपऱ्यांसकट. साल बारीक खडबडीत असेल तर तोच उजेड पसरतो आणि कोपरे विरघळतात. हापूसची साल दुसऱ्या प्रकारची. तुम्ही त्याला जांभळाची खिडकी दिलीत, म्हणून मेण दिसलं. खिडकीचा आकारच काढू नका. मोठा, पसरट, पिवळसर पांढरा डाग घ्या, ब्लर ६०-७० पर्यंत जाऊ द्या आणि ओपॅसिटी ३० च्या वर नेऊ नका. सालीवरचे बारीक ठिपके काढा, ते चकाकीच्या डागातही दिसू द्या. हापूस ठिपक्यांनी आणि देठाजवळच्या लालीने ओळखू येतो, चमकेने नाही.

आणि द्राक्षाला हात लावण्याआधी एक सांगते, कारण तिथे सगळं उलटं होतं. जांभूळ अपारदर्शक आहे: उजेड वरून पडतो, वरचा भाग उजळ, खालचा गडद. हिरवं द्राक्ष अर्धपारदर्शक आहे. उजेड वरून आत शिरतो, आत वळतो आणि समोरच्या बाजूला, म्हणजे खाली, गोळा होतो. त्यामुळे द्राक्ष खालून उजळ असतं आणि वर, चकाकीच्या लगेच खाली, गडद. काचेची गोटी उन्हात धरून बघा, हेच दिसेल.

जानेवारी २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी मॅक ओएस टेन या संगणक प्रणालीचा 'ॲक्वा' चेहरामोहरा दाखवला. बघणाऱ्याला चाटून पाहावंसं वाटावं, असं ते त्याच्याबद्दल म्हणाले होते. त्या निळ्या बटणांच्या खालच्या भागात तोच उजेड आहे. बटण वरून चमकतं म्हणून नाही, खालून उजळतं म्हणून ते गोळीसारखं रसाळ वाटतं. नंतर वेबवर त्याच्या हजारो नकला झाल्या आणि बहुतेकांनी फक्त वरची पांढरी पट्टी उचलली. त्या नकला प्लास्टिकच्या दिसतात याचं कारण तेच.

---

टक्सप्रेमी | ८ जून, सकाळी ११:३०

पट्ट्यांचं उत्तर. तुमची फाइल ८ बिटची असणार, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. तुमच्या दोन जांभळ्यांमधला फरक लाल रंगात ६२ ते २८, म्हणजे ३४ पायऱ्या. तो ५०० पिक्सेलवर पसरला तर प्रत्येक पायरी जवळजवळ १५ पिक्सेल रुंद झाली. डोळ्याला ती दिसतेच, गडद रंगात तर जास्तच.

उपाय दोन्ही करा. इमेज मेनूत 'प्रिसिजन'मध्ये जाऊन १६ बिट किंवा ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट घ्या आणि सगळं काम त्यात करा. २.१० पासून ही सोय आहे. शेवटी ८ बिटवर परत येताना डिदरिंग चालू ठेवा. डिदरिंग म्हणजे पायरीच्या सीमेवर पिक्सेल थोडे विस्कटून टाकायचे, मग सीमारेषा उरत नाही. ग्रेडियंट टूलच्या पर्यायांतही डिदरिंगचा चौकोन आहे, तो टिक करा.

अजून एक, 'स्क्रीन' मोडबद्दल. लेयरवर शुद्ध पांढरा असेल तर 'स्क्रीन' आणि 'नॉर्मल' सारखेच दिसतात, कारण पांढऱ्याबरोबर स्क्रीन केलं की काहीही पांढरंच होतं. फरक पडतो तो रंगीत उजेडाला. म्हणजे तुमच्या उसळलेल्या जांभळ्या उजेडाला स्क्रीन योग्य, खिडकीला कुठलाही चालेल.

---

मोरपीस | ८ जून, दुपारी २:२०

विषय आवडला, पण एक प्रामाणिक शंका आहे. ही गजांची खिडकी १०२४ वर सुंदर दिसेल. फोनवर ती केवढी होणार? मी छोट्या आकाराची बरीच कामं केली आहेत आणि माझा अनुभव असा, की चकाकी लहान झाली की चिखल होतो. २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ७ प्रणालीने सगळी चमक काढून टाकली, त्याला निव्वळ फॅशन म्हणता येणार नाही, वाचनीयतेचीही बाजू होती. बचत गटातल्या बायका उन्हात, भाजी-फळांच्या पाटीपाशी बसून हे बघणार आहेत.

---

पळसफूल | ८ जून, रात्री ९:१०

मोरपीस, शंका रास्त आहे. त्याचं उत्तर मी दोन दिवस शोधत होते. मोठं चित्र नुसतं आक्रसून लहान केलं तर चिखलच होतो. ४८ पिक्सेलवर गजांच्या फटी राखाडी डाग होतात, सावली घाण दिसते. म्हणून आता प्रत्येक आकार वेगळा काढतेय. ९६ ला गज काढून टाकले, खिडकी राहिली. ४८ ला खिडकीचा एक स्वच्छ तिरपा डाग, चार-पाच पिक्सेलचा, ब्लर अजिबात नाही, आणि रुंद सावली पूर्ण वगळली. लहान आकारात ग्रेडियंटपेक्षा बाह्यरेषा जास्त काम करते, म्हणून गडद कडा मुद्दाम जाड ठेवली.

उन्हाचं म्हणाल तर तिथे चकाकीचा उपयोगच झाला. करवंद आणि जांभूळ दोन्ही गडद जांभळे, उन्हात रंग ओळखू येईना. करवंद गोल, म्हणून त्याचा डाग गोलसर ठेवला आणि जांभळाचा लांबट. बायकांनी हात लांब करून, डोळे बारीक करूनही दोन्ही ओळखली.

टक्सप्रेमी, पट्टे गेले! मनापासून आभार. रेघोटी ताई, तुमच्या वडिलांचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. आंबा उद्या.

---

द्राक्षबाग | ९ जून, सकाळी ६:३०

नाशिकजवळ आमची बाग आहे, म्हणून फक्त द्राक्षाचं बोलतो. झाडावरचं चांगलं द्राक्ष कधीच काचेसारखं चमकत नाही. त्याच्यावर पांढुरका मेणाचा थर असतो, तो फळाचा स्वतःचा असतो आणि टिकला पाहिजे. तोडताना आम्ही घड देठाला धरून उचलतो, मण्यांना बोट लागू देत नाही. जिथे बोट लागतं तिथला थर निघतो आणि तेवढाच भाग चकाकतो. तुमचं द्राक्ष काचेसारखं चमकवलंत तर ते हाताळलेलं, शिळं द्राक्ष होईल. आमच्यासारख्याला लगेच कळेल, आणि ॲप वापरणाऱ्या बायकांनाही कळेल.

---

रेघोटी | ९ जून, सकाळी ८:४५

द्राक्षबाग, हे मला माहीत नव्हतं. फार मोलाचं सांगितलंत.

पळसफूल, मग असं करा. आधी खालून उजळणारा रसाळ मणी तयार करा. त्यावर फिकट निळसर पांढऱ्या रंगाचा एक लेयर, ओपॅसिटी २० ते २५, कडेकडे थोडा दाट. त्याच्या मास्कवर मऊ ब्रशने एक-दोन जागी बोट फिरल्यासारखं पुसा. धारदार चकाकी फक्त त्या पुसलेल्या जागेत द्या, फार लहान. बाकी मण्यावर पसरट मंद उजेड.

---

पुणेरी_कोडर | ९ जून, दुपारी १:००

ॲप ऑनलाइन ॲप-स्टोअरवर टाकायचं असेल तर मुख्य आयकॉनबद्दल थोडं.

ॲपलला १०२४ बाय १०२४ चौकोनी चित्र लागतं, पारदर्शक भाग चालत नाही, कोपरे स्वतः गोल करायचे नाहीत. गूगल प्लेला ५१२ बाय ५१२. अँड्रॉइड ८.० पासून, म्हणजे २०१७ पासून, आयकॉन दोन थरांत द्यायचा असतो: मागचा आणि पुढचा, दोन्ही १०८ बाय १०८ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरच्या आकाराचं माप). फोन त्याला गोल, चौकोनी, हवा तसा कापतो. मधल्या ६६ डीपीच्या वर्तुळात जे आहे तेवढंच नक्की सुरक्षित. चकाकी कधीही पूर्ण आयकॉनवर देऊ नका, फळावरच ठेवा, नाहीतर एका फोनवर ती अर्धी कापली जाईल. सावली मागच्या थरावर नको. काही फोनवर दोन थर हलताना वेगवेगळे सरकतात आणि फळ सावली सोडून जातं. माझ्या एका कामात असंच झालं होतं, आयकॉन पुन्हा करावे लागले.

जुन्या आयफोनवर ५७ बाय ५७ च्या आयकॉनवर फोन स्वतःच वरून चकाकी चढवायचा. ती नको असेल तर ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये एक नोंद करावी लागायची. आता जून २०२५ मध्ये ॲपलने 'लिक्विड ग्लास' हा नवा चेहरामोहरा जाहीर केलाय, त्यात पुन्हा तेच: तुम्ही थर द्यायचे, काचेची चमक यंत्रणा चढवणार. अशा ठिकाणी स्वतः रंगवलेली चकाकी आणि यंत्रणेची चकाकी एकमेकांवर येतात. त्या आवृत्तीसाठी खिडकी नसलेलं फळ वेगळं सेव्ह करून ठेवा.

---

साधा_वाचक | ९ जून, दुपारी ४:१०

ताई, मुख्य आयकॉनवर फळ आहे की गटाच्या नावाचं अक्षर?

---

पळसफूल | ९ जून, रात्री १०:०५

जांभूळ, आणि त्यावर पांढरं 'फ'. आणि तिथेच अडलेय. शिरोरेषा नेमकी खिडकीच्या डागावर येते आणि पांढऱ्यात पांढरी हरवते. अक्षर डागाच्या वर ठेवलं तरी हरवतं, खाली ठेवलं तर धुरकट होतं.

आंबा जमला. ब्लर ७०, ओपॅसिटी २८, ठिपके दोन आकारांचे. मावशी म्हणाल्या, "पायरी आहे का?" मी देठाजवळची लाली कमी केली, नाकाड थोडं दाबलं, मग त्या हापूस म्हणाल्या.

---

रेघोटी | १० जून, सकाळी ७:२०

आधी ठरवा की अक्षर कुठे आहे. काचेच्या आत असेल तर चकाकी अक्षरावरून जाते. वर रंगवलेलं असेल तर अक्षर चकाकी झाकतं. जांभूळ अपारदर्शक आहे, त्याच्या आत अक्षर असूच शकत नाही. म्हणून अक्षर वरच.

रोमन अक्षराला वरच्या बाजूला अशी सलग आडवी रेघ नसते, त्यामुळे त्या पद्धतीच्या बटणांत वरच्या अर्ध्या भागात डाग ठेवून भागतं. देवनागरीत वजनच वर असतं. एक तर डाग आणखी वर, डाव्या खांद्यावर सरकवा आणि आखूड करा, किंवा अक्षर तीस-चाळीस पिक्सेल खाली घ्या म्हणजे शिरोरेषा डागाच्या खाली गडद भागात येईल. मी दोन्ही थोडं थोडं करेन. अक्षराला पांढऱ्याऐवजी किंचित पिवळट रंग द्या, म्हणजे सगळ्यांत पांढरं काय ते फक्त खिडकी राहील.

---

टक्सप्रेमी | १० जून, सकाळी १०:००

गिंपमध्ये अक्षर टाइप करतेयस ना? तिथे जोडाक्षरं नीट जुळतात, कारण मजकूर मांडायला ते पँगो नावाचं सॉफ्टवेअर वापरतं. जुन्या फोटोशॉपमध्ये 'क्ष' आणि 'र्फ' तुटून पडायचे, म्हणून आम्ही दुसरीकडे टाइप करून चित्र आणायचो. गटाचं पूर्ण नाव लिहिणार असशील तर मजकुराचा लेयर मजकूरच राहू दे, लगेच चित्रात बदलू नकोस. नाव मागाहून बदलतं, हे माझ्या वाट्याला बरेचदा आलंय.

---

पळसफूल | १० जून, रात्री ९:३०

'फ' खाली घेतला, डाग खांद्यावर नेला, अक्षर हळदीच्या अगदी फिक्या छटेचं केलं. आता दुरूनही वाचता येतंय. चित्र खाली जोडलंय.

द्राक्षबाग, तुमच्या सांगण्याप्रमाणे मणी केलाय, पुसलेली जागा एकच ठेवली. तुमचं मत हवंय.

उरलं कोकम. पिकलेलं कोकम गडद लाल, जांभळासारखं चमकतं पण एवढं धारदार नाही. शिवाय त्याला देठाकडे चार पाकळ्यांची टोपी असते, ती कोरडी. आईकडून परवा चार कोकमं येताहेत, तोवर हात लावत नाही.

---

द्राक्षबाग | ११ जून, सकाळी ६:१५

मणी बघितला. थर बरोबर आहे. फक्त पुसलेली जागा वर आहे, ती देठापासून लांब, बाजूला घ्या. घड धरल्यावर बोट लागलंच तर बाजूच्या मण्याला बाजूने लागतं.